आमच्या ह्यांचा कबुलीजबाब

माझ्या नवऱ्याच्या गाडीखाली माणूस मेला का, हे मला माहीत नाही. लोक तोंडावर विचारतात, "इतकी वर्षं संसार केला अन् तुम्हाला एवढं ठाऊक न्हाई?" न्हाई ठाऊक! संसार केला म्हणून काय मी त्यांच्या टेम्पोत बसून होते का? असं फाडकन बोलायची मी, आणि मंग घरात येऊन पंख्याखाली बसायची अन् विचार करायची, की खरंच, मला ठाऊक का नाही. अजून तेच चाललंय. म्हटलं लिहून बघावं, लिहिताना तरी काही सरळ होतं का. नावं मात्र कुणाची घालणार नाही, सासरच्या गावाचंही नाही. मला कुणाशी वैर करायचं नाही.

आम्ही मारवाडी जैन. घरात मारवाडी बोलतो, दुकानात मराठी, आणि भांडण लागलं की मी तर बिलकुल मराठीतच. माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. तिथं बाजाराच्या दिवशी वडलांच्या दुकानात बसून बसून माझी जीभ अशी झाली, असं सासरे म्हणतात. सासर जालन्याहून राजूरला जाताना लागतं. किराणा दुकान रस्त्यावरच, वर राहायला घर. सासऱ्यांना सगळे बाबूजी म्हणतात, म्हणून मीही बाबूजीच म्हणते. आणि आमचे हे. त्यांच्याबद्दल काय सांगू? दुकानात कुणी वजनात खोट काढली तर भांडत नाहीत, वर मूठभर डाळ टाकतात. मला त्याचा संताप येतो, पण ते जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात संध्याकाळी प्रतिक्रमण करतात. सगळेच रोज करत नाहीत. मी पर्युषणात करते तेवढंच, तेही अर्धं लक्ष खाली दुकानाकडं ठेवून. आमच्या ह्यांचं मात्र रोजचं आहे. तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधायची, आसनावर बसायचं, आणि दिवसभरात आपल्याकडून काय काय चुकलं ते आठवून माफी मागायची. त्यात येण्याजाण्याची माफी वेगळी असते. रस्त्यानं जाता-येता कुठला जीव पायाखाली आला असेल, मुंगी म्हणा, किडा म्हणा, ओलं गवत म्हणा, कळून नाहीतर न कळून, तर ते आपलंच पाप समजायचं. पाहिलं नाही, ही सबब चालत नाही. लहानपणापासून रोज संध्याकाळी हा माणूस हे म्हणत आलाय. मला वाटायचं, चांगली सवय आहे, शेजाऱ्यांच्या नवऱ्यांसारखं टीव्हीपुढं तंगड्या पसरून तर बसत नाहीत.

गाडीही तशीच चालवायचे. छोटा हत्ती म्हणतात ना, तो मालाचा पांढरा टेम्पो. समोर खार दिसली की ब्रेक. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि शिव्या देत पुढं जायचे. गावातले लोक दुकानात येऊन चिडवायचे, "शेठ, आज तुम्हाला बैलगाडीनं मागं टाकलं म्हणे." हे हसायचे. मी म्हणायची, "हसा, हसा. तुमच्या गाडीत कोथिंबीर घातली तर घरी येईपर्यंत चारा होतो तिचा."

त्या दिवशी चतुर्थी होती. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणसं आमच्याच रस्त्यानं पायी जातात, उजाडायच्या आधीपासून. हे पहाटेच जालन्याच्या मोंढ्यात माल आणायला गेल्ते, आणि उजाडता उजाडता परत आले. गोण्या उतरवल्या, आंघोळ केली, दुकान उघडलं. नाश्त्याला पोहे खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाले. दुपारी कुणीतरी सांगत आलं, की आमच्या गावाच्या अलीकडं, रस्ता खोदून ठेवलाय तिथं, राजूरला चाललेल्या एका म्हाताऱ्याला गाडीनं उडवलं आणि गाडी थांबलीच नाही. म्हातारा जागीच गेला. हे "अरेरे" म्हणाले, हात जोडून नवकार म्हटला, आणि गिऱ्हाईकाला साखर बांधून दिली. मी समोरच होते. माणूस मारून आलेला माणूस असा साखर बांधतो का? मला नाही वाटत. पण मी कुठं माणूस मारून आलेला कुणी आधी पाहिला होता?

गाडी पांढरी होती, मालाची होती, एवढं कुणीतरी पोलिसांना सांगितलं. आता ह्या रस्त्याला पांढऱ्या मालाच्या गाड्यांचा काय तोटा आहे? पण आमची गाडी पांढरी, आमची वेळ तीच, आणि आमच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा चेपलेला.

ह्या कोपऱ्यानं माझं डोकं खाल्लंय. पोलीस दुकानात आले तेव्हा मी लगेच सांगितलं, हा जुना आहे, गोदामाच्या दाराला घासला होता. जमादारानं विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी." तो म्हणाला, "दिवाळीत तर गाडी रंगवली तुम्ही. समोरचा गॅरेजवाला सांगून राह्यला." बराबर, रंगवली होती. मंग रंगवताना ठोकून सरळ केला नसेल का? केला असेल. मंग पुन्हा चेपला का? मी रोज दिवसातून किती वेळा त्या गाडीपुढून जात होते, पण डोळे मिटले की मला तो कोपरा चेपलेलाही दिसतो आणि नीटही दिसतो. दोन्ही अगदी स्वच्छ. ह्यांना विचारलं तर ह्यांचंही तेच. "घासला होता खरा. पण हाच का तो?" म्हणाले.

मंग एक दिवस ह्यांना ठाण्यात चौकशीला बोलावलं. "लगेच येतो" म्हणून गेले. आमच्यात हे सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. म्हणून मी ऊन उतरायच्या आत डबा घेऊन गेले. दारातला शिपाई म्हणाला, "साहेब आत बोलून राह्यले, थांबा जरा." मी थांबले. मी म्हटलं, "अहो, ह्यांचं दिवस मावळायच्या आत जेवण असतं." तो म्हणाला, "पाच मिनिटं." सूर्य गेला, तरी त्याची पाच मिनिटं संपेनात. मी डबा घेऊन परत आले आणि रस्त्यानं त्या शिपायाला मारवाडीतही शिव्या दिल्या आणि मराठीतही.

सकाळी बाबूजी आणि वकीलसाहेब गेले. वकीलसाहेब तालुक्याच्या कोर्टात काम करतात, किराणा आमच्याकडूनच नेतात, घरच्यासारखेच आहेत. दोघं परत आले ते बाबूजी दुकानाच्या पायरीवरच बसले. मी वरून धावत आले. बाबूजी म्हणाले, "त्यानं मान्य केलं, बेटा."

"काय मान्य केलं?"

"गाडी त्याचीच होती म्हणे. न थांबता निघून आला म्हणे."

मला इतका राग आला, की मी पायरीवरचा झाडूच लाथेनं उडवला. राग कुणाचा आला ते मात्र कळेना. पोलिसांचा का? त्यांनी मारूनच वदवून घेतलं असणार हे. का ह्यांचा? कारण खरं असेल तर हा माणूस माझ्यासमोर बसून पोह्यात मीठ कमी म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं होऊन जामीन झाला आणि हे घरी आले. मी आधी दार लावलं आणि शर्ट काढायला लावला. पाठ बघितली, दंड बघितले, कानामागं बघितलं. काही नव्हतं.

"मारलं का हो त्यांनी?"

"न्हाई."

"माझी शपथ घ्या."

"शपथ कशाला? कुणी हात लावला न्हाई. चहा विचारला, पाणी विचारलं. मी रात्री घेत न्हाई म्हटलं."

"मंग हो का म्हणालात?"

हे पलंगावर आडवे झाले. मंग म्हणाले, "साहेब म्हणाले, तुमच्या गाडीखाली काहीच आलं न्हाई असं छातीवर हात ठेवून सांगा."

"मंग सांगायचं ना!"

"कसं सांगू? मला काय सगळं दिसतं?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, देवा रे! तो काय मुंगीबद्दल विचारत होता का तुम्हाला?"

"ते मला कळतं गं," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. त्या रात्रीबद्दल एवढंच. त्याच्यापुढं किती खोदलं तरी शब्द नाही. मी मनाशी म्हटलं, मारलं नाही, धमकावलं नाही, चहापाणी विचारलं, म्हणजे ह्या माणसानं आपल्या मर्जीनं सांगितलं. आणि मर्जीनं कुणी खोटं पाप अंगावर घेतं का? तुम्हीच सांगा. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की केलं असेल. असं वाटलं की मला स्वतःचीच किळस यायची, आणि मंग मी त्यांच्याशी उगी गोड बोलायची.

आणखी एक झालं, त्यानं तर माझं डोकंच फिरलं. पहिल्या दिवशी ह्यांना काहीच आठवत नव्हतं. नंतर म्हणाले, त्या खोदलेल्या जागी गाडीला दणका बसला होता. मी म्हटलं, तिथं सगळ्यांनाच दणका बसतो, तिथं रस्ताच कुठंय? काही दिवसांनी म्हणाले, दणक्याच्या आधी काहीतरी पांढरं दिसलं. मंग ते पांढरं धोतर झालं. मंग धोतराबरोबर काठी आली. दर वेळी थोडं जास्त, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा ठाम. जेवताना घास हातात धरून सांगायचे, "काठी डाव्या हातात होती." हे आता खरं आठवून राह्यले, का रोज विचार करून करून ह्यांनी एक म्हातारा तयार केला? मला फरक कसा कळणार? ह्यांनाच कळत नव्हता.

वकीलसाहेबांना ह्याचं काहीच वाटायचं नाही. ते म्हणायचे, "भाभी, डोक्याला ताप करून घेऊ नका. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत न्हाई. कायदाच आहे तसा, इंग्रजांच्या काळापासून आहे. का? तर बंद खोलीत माणूस काहीही बोलतो. उरला तो कोपरा. त्याच्यावर रक्त न्हाई, काही न्हाई. गाडी लांबून पाहिली म्हणतात, पण उडवताना पाहणारा कुणी न्हाई. केस टिकत न्हाई." मंग ह्यांच्याकडं वळायचे. "फक्त एक करायचं शेठ. कोर्टात मॅजिस्ट्रेट मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तिथं म्हणायचं, कबूल न्हाई. बस्स. तिथं हो म्हणालात तर मंग मी काही करू शकत न्हाई. खटलाच चालणार न्हाई. पुरावा न्हाई, साक्षीदार न्हाई, थेट शिक्षा."

हे म्हणाले, "पण ते खोटं होईल ना."

"कसं काय खोटं? कबूल न्हाई म्हणजे मी केलंच न्हाई असं न्हाई. त्यांनी सिद्ध करावं, एवढाच त्याचा अर्थ."

"माझं पाप दुसऱ्यानं सिद्ध करायचं?" हे इतक्या निरागसपणे म्हणाले, की वकीलसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी चहा आणायला आत गेले.

बाबूजींचं वेगळंच. ते म्हणाले, "मान्य कर आणि भोगून टाक. इथं भोगलं की कर्म कटतं. पुढं घेऊन जायचं न्हाई." म्हाताऱ्या माणसाशी मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "कर्म कटंल हो बाबूजी. अन् केलंच नसलं तर? मंग कुणाचं कर्म कटतं? त्याचं, जो त्या दिवशी पळून गेला?" ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. पण मी पुढं काही बोलले नाही ते त्यांच्या डोळ्यांमुळं नाही. मनात आलं, की केलंच असलं तर? तर बाबूजी बराबर बोलून राह्यले.

म्हणजे बघा, सगळं एका शब्दावर येऊन थांबलं होतं. कोर्टात हा माणूस हो म्हणतो का न्हाई म्हणतो. हो म्हटलं तर तुरुंग, आणि खरं काय ते कायमचं पुरलं जाणार. आणि हा तर रोज संध्याकाळी आसनावर बसून हो म्हणायचीच सवय करत होता.

कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हाची गोष्ट. दुपारी दुकानात मी एकटी होते. एक बाई आली, माझ्याच वयाची. मी विचारलं, "काय देऊ?" ती म्हणाली, "काही नको. मी त्या म्हाताऱ्याची पोरगी. हसनाबादला दिलेली आहे." मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं पाणी घेतलं नाही. म्हणाली, "मला फक्त त्यांना बघायचंय."

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी तिला बघितलं आणि न सांगताच ओळखलं. हात जोडून उभे राहिले आणि बोलायला लागले. पहाट होती, धूळ होती, दणका बसला, त्याच्या आधी धोतर दिसलं, डाव्या हातात काठी होती. मी मनात म्हणून राह्यले, गप्प बसा हो, हिला तरी सांगू नका. पण हे थांबेनात.

बाई म्हणाली, "धोतर?"

"हो."

"माझ्या बापानं कधी धोतर नेसलं न्हाई. माझ्या मालकाची जुनी काळी पँट घालायचा. त्या दिवशी तीच होती, दवाखान्यातून मला तीच दिली. अन् काठी कशाला? माझ्याहून जल्दी चालायचा तो."

ह्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. बाईचा आवाज चढला. "मंग तुम्हाला दिसलं काय? पाहिलं का न्हाई पाहिलं? मी इतक्या लांबून तुमचं तोंड बघायला आले, म्हटलं ज्यानं बापाला मारलं त्याला एकदा विचारावं की थांबला का न्हाईस. तुम्हाला तर माझा बापच ठाऊक न्हाई!"

"मला वाटतं..." हे म्हणाले.

"वाटायचं काय त्यात? तुम्हीच असाल तर शिक्षा झाली पाहिजे, माझा तळतळाट हाय तुम्हाला. पण तुम्ही नसाल, अन् उगी हो म्हणून बसताल, तर फाइल बंद. ठाण्यातले साहेब मोकळे, तुम्ही मनानं मोकळे. अन् जो होता तो रोज त्याच रस्त्यानं जाईल. मला तो कधीच सापडणार न्हाई." मंग तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच रस्त्यावर गेली. मी मागं धावले. ती वडापच्या जीपमध्ये बसली आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

खरं सांगते, मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, बाई रडत गेली आणि मला आनंद झाला! धोतर नव्हतंच, म्हणजे ह्यांनी काही पाहिलंच नव्हतं. पण तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला नाही. पाहिलं नाही म्हणजे उडवलं नाही, असं कुठंय? अंधारात, धुळीत, न पाहताच उडवलं असेल तर? मी पुन्हा होते तिथंच. हे त्या दिवशी जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मला ती काठी अजून दिसते गं. नव्हती, तरी दिसते."

कोर्टात जायच्या दिवशी मी ह्यांचा इस्त्रीचा शर्ट काढला. रस्त्यात म्हटलं, "काय बोलणार ते मला आधी सांगा." म्हणाले, "खोटं न्हाई बोलणार." मी म्हटलं, "अहो, पण खोटं कोणतं त्यातलं?" वकीलसाहेबांनी कोर्टाच्या दारातच पुन्हा बजावलं, "कबूल न्हाई. दोन शब्द, शेठ. फक्त दोन." हे मान हलवतच नव्हते.

कोर्टात गर्दी होती. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. पुढच्या बाकावर, सरकारी वकिलाच्या बाजूला, ते साहेब बसले होते, ज्यांनी ह्यांची चौकशी केली. दुसऱ्याच कुठल्यातरी केससाठी आल्ते. मोबाइल बघत होते. आमच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाईट माणूस वाटेना. ह्यांच्या वयाचेच, डोक्यावरचे केस विरळ, पायात साधे बूट. मला वाटलं, हा काय कुणाला छळणार?

ह्यांच्या नावाचा पुकारा झाला. हे पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. मॅजिस्ट्रेट मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनी कागद बघून सगळं वाचून दाखवलं, अमुक रस्त्यावर, भरधाव वेगानं, मदत न करता. हे ऐकता ऐकता आमचे हे कठड्यावर झुकले. चेहरा पांढराफटक. मॅडमनी वाचायचं थांबवलं.

"तब्येत बरी नाही का? त्यांना स्टूल द्या."

शिपायानं स्टूल आणून ठेवलं. हे बसले नाहीत. मान वळवून पुढच्या बाकाकडं बघायला लागले.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

हे उभेच. नजर साहेबांकडं. साहेबांनी आता मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"अहो, मी तुम्हाला बसा म्हणतेय. तिकडं काय बघताय?"

"साहेबांना विचारून..."

"काय विचारून?"

"बसू का, ते."

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅडमनी पेन खाली ठेवला. "इथं बसायला त्यांना का विचारायचं?"

हे मुलासारखे खरं खरं सांगायला लागले. मला आजवर जे सांगितलं नव्हतं, ते ह्या अनोळखी बाईला सांगितलं. "बसलो की पुन्हा पहिल्यापासून विचारतील, मॅडम. मी माहीत न्हाई म्हणायचो, की साहेब म्हणायचे, मंग उभं राहून आठवा. पाय दुमडला की पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर तसंच. शेवटी हो म्हणालो, मंग खुर्ची दिली."

साहेब उठले. "मॅडम, असं काही..."

"तुमची साक्ष होईल तेव्हा बोला. बसा खाली."

ते बसले. पाठ बघितली होती मी, दंड बघितले होते, कानामागं बघितलं होतं. माणसाला नुसतं उभं ठेवूनही काही करता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणी हात लावला नाही, ते तर हे खरंच सांगून राह्यले होते! मला ओरडावंसं वाटलं, त्या साहेबांवर, वकिलावर, स्वतःवर. वकीलसाहेबांनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, "भाभी, शांत."

मॅडमनी पेन पुन्हा उचलला. मंग विचारलं, "आता सांगा. गुन्हा कबूल आहे का तुम्हाला?"

वकीलसाहेबांनी लांबूनच ह्यांना दोन बोटं दाखवली.

"माहीत न्हाई, मॅडम," हे म्हणाले.

"माहीत नाही?"

"माझी गाडी होती का दुसऱ्याची, मला माहीत न्हाई. आधी ठाऊक न्हवतं, मंग ठाऊक हाय असं वाटायला लागलं, आता पुन्हा न्हाई. खरं तेवढंच हाय."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. मॅडमनी टायपिस्टकडं बघून सांगितलं, "आरोपीस गुन्हा कबूल नाही. साक्षीपुराव्यासाठी ठेवा."

ह्यांनी घाईघाईनं हात जोडले. "मॅडम, मी तसं न्हाई म्हटलं. मी माहीत न्हाई म्हटलं."

"इथं तेवढं पुरतं," मॅडम म्हणाल्या. "बसा आता."

हे स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि भरल्या कोर्टात हुंदके देऊन रडायला लागले. पुढच्या केसचा पुकारा झाला, दुसरा आरोपी येऊन शेजारी उभा राहिला, तरी ह्यांना उठता येईना. मी पुढं जाऊन दंडाला धरून उठवायला लागले, तर माझा हात बाजूला केला.

"थांब जरा," म्हणाले. "बसू दे मला."